दंड वाजवणाऱ्याला, मुजरा बनवणाऱ्याला

"यंत्राचा काय दोष? वाजवणाऱ्याला अक्कल पाहिजे." विसर्जनाच्या मिरवणुकीनंतर दुसऱ्या दिवशी यवतमाळातल्या कोणत्याही पानठेल्यावर हे वाक्य ऐकू येतं. डोकं ठणकत असलेला माणूसही तेच म्हणतो आणि ज्याने रात्रभर नाचून घसा बसवून घेतला तोही तेच म्हणतो. पोलिसांना हे वाक्य सोयीचं, कारण वाजवणारा समोर सापडतो. साउंडवाला दोष मंडळावर ढकलतो, मंडळ 'पब्लिक'वर ढकलतं. ज्यांनी तो ॲम्प्लिफायर बनवला, ते स्पीकर बनवले, त्यांना तर तोंडही उघडावं लागत नाही. त्यांची वकिली आपणच फुकटात करतो.

मला या वाक्याचा प्रतिवाद करायचा आहे. मिरवणुकीतल्या आवाजाची पहिली जबाबदारी कारखान्याची आहे आणि त्याला वेसण घालायची जागाही कारखानाच आहे. दत्त चौकात बंदोबस्ताला उभ्या केलेल्या शिपायाच्या हातात डेसिबल मीटर देऊन हा प्रश्न सुटत नाही, सुटलेलाही नाही. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी असा हा कारभार आहे.

पटत नसेल तर मिरवणुकीतली एखादी गाडी थांबलेली असताना तिच्या मागच्या बाजूला जाऊन बघा. पुढे बेस आणि टॉपची भिंत रचलेली असते. मागे डिझेल जनरेटर असतो, लोखंडी पेटीत बंद केलेला. पेटीच्या दाराला आतून फोमचा जाड थर असतो, दाराच्या कडेला रबराची पट्टी असते, धूर सोडायच्या नळीला सायलेन्सर असतो. ही पेटी कुणी हौसेने बसवलेली नाही. केंद्र सरकारने २००२ मध्ये पर्यावरण संरक्षण नियमांत दुरुस्ती केली. तिचा अंमल पुढे ढकलत ढकलत शेवटी ठरलं, की १ जानेवारी २००५ पासून बनणाऱ्या १००० केव्हीएपर्यंतच्या कोणत्याही डिझेल जनरेटरचा आवाज पेटीपासून एक मीटरवर ७५ डेसिबलच्या वर जाता कामा नये. उत्पादकाने प्रत्येक मॉडेलची तपासणी करून घ्यायची, प्रमाणपत्र मिळवायचं आणि मगच माल विकायचा. आयात करणाऱ्यालाही तोच नियम. आज लग्नाच्या मांडवामागे जनरेटर चालू असला तरी आपण त्याच्या शेजारी उभं राहून बोलू शकतो, ते या नियमामुळे. त्याआधीचे उघडे जनरेटर ज्यांनी ऐकले आहेत त्यांना फरक सांगायला नको.

आता गाडीला वळसा घालून पुढे या. टॉपच्या खोक्यातला हॉर्न एक वॅट विजेवर एक मीटरवर साधारण १०५ डेसिबल किंवा त्याहून जास्त आवाज देतो. शंभर वॅट दिले की आकडा १२५ वर जातो. शंभर वॅट म्हणजे या धंद्यात चिल्लर. जनरेटरच्या ७५ शी तुलना केली तर फरक ५० डेसिबलचा, आणि डेसिबलच्या गणितात ५० चा फरक म्हणजे ध्वनिशक्तीत एक लाख पट. एका गाडीवर, एका वायरीने जोडलेली ही दोन यंत्रं आहेत. वीज पुरवणाऱ्या यंत्राला कारखान्यातच तोंड आवरायला शिकवलं आहे. वीज खाणाऱ्याला कारखान्यात कुणी काही विचारलेलं नाही.

यावर साउंडचं थोडं शिकलेला माणूस लगेच म्हणेल, की जनरेटरचा आवाज हा टाकाऊ, तो कमी करणं बरोबर. स्पीकरचा आवाज हाच तर माल, तो कारखान्यात कसा कमी करणार? मुद्दा बिनतोड वाटतो, पण सुतळी बॉम्बकडे बघा. तिथेही आवाज हाच माल आहे. तरी १९९९ पासून नियम असा, की फुटण्याच्या जागेपासून चार मीटरवर ठरावीक मर्यादेपेक्षा, म्हणजे १२५ डेसिबल 'एआय' किंवा १४५ डेसिबल 'सी' शिखरापेक्षा जास्त आवाज करणारा फटाका विकायला आणि वाजवायला तर बंदी आहेच, बनवायलाही आहे. शिवकाशीच्या कारखान्याला सरकार सांगू शकलं, की तुमच्या मालाचा आवाज इतकाच हवा. फटाका एकदा वाजून विझतो. बेस-टॉपची भिंत संध्याकाळी सातला सुरू होते.

बरं, कायद्याचा हात ॲम्प्लिफायरच्या कारखान्यापर्यंत पोचत नाही म्हणावं, तर तसंही नाही. भारतीय मानक ब्युरोकडे सक्तीने नोंदणी करायच्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा आदेश २०१२ मध्ये निघाला. त्या पहिल्याच यादीत लॅपटॉप, मायक्रोवेव्ह, प्रिंटर यांच्या जोडीला '२००० वॅट व त्याहून अधिक इनपुट शक्तीचे ॲम्प्लिफायर' आहेत. म्हणजे मिरवणुकीत वापरले जातात तसलेच. त्यांची तपासणी होते ती शॉक बसतो का, आग लागते का, तापून वितळतं का, यासाठी. नोंदणी झाली की मागच्या पाटीवर मानकाचं चिन्ह आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा क्रमांक येतो. यंत्र हाताळणाऱ्याच्या बोटाची काळजी सरकारने घेतली आहे. समोर उभ्या असलेल्या पाचशे माणसांच्या कानाचं कलम तेवढं त्या मानकात नाही. दार आहे, दारावर पहारेकरी आहे, रजिस्टरही आहे. त्यात आणखी एक रकाना वाढवायचा आहे.

आता 'लिमिटर' या, आवाजाला ठरावीक मर्यादेपुढे जाऊ न देणाऱ्या वस्तूबद्दल. हा शब्द निघाला की साउंडवाल्यांच्या कपाळावर आठ्या पडतात, जणू काही कुणी परदेशी जाच त्यांच्या गळ्यात बांधायला निघालं आहे. वस्तुस्थिती अशी, की त्यांच्या गाडीवर लिमिटर आधीच आहे. बऱ्याच पॉवर ॲम्प्लिफायरच्या तोंडावर एक लाल दिवा असतो, त्याखाली 'क्लिप' किंवा 'लिमिट' असं लिहिलेलं असतं. मिक्सर आणि ॲम्प्लिफायर यांच्यामध्ये जो प्रोसेसर बसवतात, त्यात तर बेसचा लिमिटर वेगळा, मिडचा वेगळा, टॉपचा वेगळा. कित्येक प्रोसेसरमध्ये त्याला पासवर्डचं कुलूपही असतं. मालक गाडीबरोबर जाणार नसेल तर सेटिंग करून कुलूप लावतो आणि मग पोराच्या हाती गाडी देतो. कशासाठी? जोरात वाजवून स्पीकरची कॉइल जळू नये म्हणून. कॉइल बदलायला पैसे पडतात. कंपनीने ही सोय दिली, मालक ती वापरतो, सगळं अगदी शहाणपणाचं आहे. मात्र कॉइल वाचवण्यासाठी जे कुलूप चालतं तेच कान वाचवण्यासाठी म्हटलं की 'तांत्रिकदृष्ट्या अवघड' कसं होतं, हे कुणीतरी मला समजावून सांगावं.

आणि लिमिटर हा डीजेच्या जमान्यातला शोध नव्हे. रेडिओवाल्यांना त्याची गरज १९३० च्या दशकातच पडली. आपल्या यवतमाळ आकाशवाणीचंच बघा. केंद्र १०२.७ मेगाहर्ट्झवर लागतं. एफएममध्ये आवाज जितका मोठा तितकी ती लहर आपल्या जागेवरून इकडेतिकडे सरकते आणि हे सरकणं दोन्ही बाजूंना ७५ किलोहर्ट्झच्या आत ठेवावं लागतं. निवेदिका कुजबुजली काय किंवा गोंधळाच्या कार्यक्रमात संबळ कडाडला काय, ७५ म्हणजे ७५. ते पाळायला ट्रान्समीटरपाशी शिपाई उभा नसतो. स्टुडिओतून निघालेला आवाज लिमिटरमधून गेल्याशिवाय मनोऱ्यावर चढतच नाही. प्रसारणाची यंत्रं बनवणाऱ्या जगातल्या प्रत्येक कंपनीला हे गृहीतच धरावं लागतं, कारण न धरलं तर शेजारच्या केंद्राच्या श्रोत्याला त्रास होतो. शेजाऱ्याचा हा विचार आकाशातल्या लहरींबाबत १९३० च्या दशकापासून आहे. गल्लीतल्या शेजाऱ्याचा नंबर केव्हा लागणार?

"चाकू बनवणाऱ्याला कोणी पकडतं का?" हा या वादातला हुकमाचा एक्का. तो टाकला की समोरचा गप्प होतो असा अनुभव आहे, म्हणून त्याच्याकडे जरा नीट बघू. पहिली गोष्ट, चाकूचं मुख्य काम भाजी चिरणं आहे. आठ-आठ डबल बेस एकावर एक रचून ते दहा फुटांच्या गल्लीतून न्यायचे, याचा निरुपद्रवी उपयोग कोणता? दुसरी गोष्ट, उत्पादकाला आपल्या मालाचा आकडा माहीत नसतो असं नाही. तो स्वतःच छापतो. खोक्याच्या माहितीपत्रकात 'कमाल ध्वनिदाब' हा रकाना असतो आणि १३०, १३५ असे आकडे तिथे मिरवलेले असतात, कारण माल त्याच आकड्यावर खपतो. ज्या आकड्यावर तुम्ही पैसे कमावता त्याच आकड्याची जबाबदारी मात्र वाजवणाऱ्या पोरावर, ही वाटणी बरी आहे! आणि तिसरं म्हणजे, उत्पादकाला जबाबदार धरायला आपण कुठे लाजतो? प्रवासी वाहनांना वेगनियंत्रक लागला तेव्हा 'गाडीचा काय दोष, ड्रायव्हर सांभाळून चालवेल' असं म्हणून कुणी सोडून दिलं नाही.

या धंद्याला एकेकाळी आपल्या नावाची चाड होती, हेही सांगायला हवं. सिंधमधल्या सक्खरला १९०९ मध्ये ग्यानचंद मोटवाने यांनी विजेच्या सामानाचा व्यवसाय सुरू केला. तो पुढे कराचीला आणि मग मुंबईला आला आणि 'शिकागो रेडिओ' या नावाने देशभर गेला. १९३१ च्या कराची काँग्रेसमध्ये त्यांचे ध्वनिक्षेपक होते. गांधीजींची, नेहरूंची त्या काळातली सभेची छायाचित्रं काढून बघा. मायक्रोफोनच्या खाली 'शिकागो रेडिओ'ची पट्टी दिसते. जाहिरात होती हे खरं, पण ती जोखीमही होती. आवाज फाटला, खरखरला, मध्येच बंद पडला तर लाखभर माणसांसमोर नाव कुणाचं जाणार, हे त्या पट्टीवर लिहिलेलं होतं. ग्यानचंद यांचे चिरंजीव नानिक मोटवाने यंत्रं नुसती विकत नव्हते. कंपनीची माणसं सभेच्या मैदानावर जात, तारा ओढत, ॲम्प्लिफायरपाशी बसून राहत. त्यांचा पुढचा कारखाना आपल्याच महाराष्ट्रात, नाशिकरोडला उभा राहिला.

१९४२ ला तर या कंपनीने याच्याही पुढचं पाऊल टाकलं. 'चले जाव'ची हाक दिल्यावर नेते तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी झाली आणि उषा मेहता, विठ्ठलदास उर्फ बाबूभाई खाकर, चंद्रकांत झवेरी या तरुणांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. २७ ऑगस्टपासून १२ नोव्हेंबरपर्यंत, ४२.३४ मीटरवर, दर थोड्या दिवसांनी घर बदलत. सामान आणि तंत्रज्ञ यांची मदत नानिक मोटवाने यांनी केली. शेवटी छापा पडला, त्यांनाही अटक झाली, खटला चालला. उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली, मोटवाने निर्दोष सुटले. 'मी फक्त यंत्र दिलं, त्यांनी काय केलं ते मला काय ठाऊक' हा बचाव यंत्र बनवणाऱ्याला तेव्हाही करता आला असता. पण आपण कुणाला काय देतो आहोत आणि कशासाठी, हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं. यंत्र दिलं की संबंध संपला असं त्याने मानलं नव्हतं, एवढंच मला इथे दाखवायचं आहे.

सभेच्या ध्वनिक्षेपकाचं यश कशात मोजायचं, तर शेवटच्या रांगेतल्या माणसाला शब्द कळला की नाही यात. मिरवणुकीच्या खोक्याचं यश मोजतात ते छातीत धडधडलं की नाही यात. हा फरक बनवणाऱ्याने स्वीकारला, आपण विकत घेतला. आज या खोक्यांवर अभिमानाने नाव घालून मैदानावर उभा राहणारा कुणी दिसत नाही. सातारा-कोल्हापूरकडे तर सगळ्या भिंतीला 'डॉल्बी' म्हणतात. ती कंपनी टेपवरची खरखर कमी करण्याच्या तंत्रावर मोठी झाली, पण बदनाम तीच झाली. ज्यांनी खोके विकले ते निनावीच राहिले.

माझे साउंडवाले मित्र यावर हसतात. म्हणतात, "कंपनी कुठली घेऊन बसलात? प्लायवुडचे खोके इथेच सुतार बनवतो, स्पीकर सुटे आणतो, जोडतो." अगदी बरोबर. विदर्भात धुमाल वाजवणाऱ्या पथकांच्या गाड्या अशाच उभ्या राहतात. पण सुतार प्लायवुड कापतो, चुंबक आणि कॉइल बनवत नाही. अठरा इंची स्पीकर, हॉर्नचा ड्रायव्हर, पॉवर ॲम्प्लिफायर, प्रोसेसर या चार वस्तू दिग्रसला, घाटंजीला किंवा पांढरकवड्याला बनत नाहीत. त्या मोजक्या कारखान्यांतून आणि मोजक्या आयातदारांकडून येतात, भारतातून असोत की चीनमधून. नाकाबंदी करायची तर ती तिथे सोपी की जिल्ह्यातल्या सोळा तालुक्यांत एकाच रात्री निघणाऱ्या मिरवणुकांमध्ये सोपी, याचं उत्तर शेंबडं पोरही देईल.

"लिमिटर बसवला तर लोक काढून टाकतील." टाकतील. जनरेटरच्या पेटीचं दारही लोक उघडं ठेवतात, वेगनियंत्रकाची वायरही तोडतात. म्हणून ते नियम रद्द करावेत असं कुणी म्हणत नाही. उलट सील तोडलेलं यंत्र हा जागच्या जागी पुरावा असतो. आज पोलिसाला गर्दीत, चार बाजूंनी वाजत असताना मीटर धरून सिद्ध करावं लागतं की हा आवाज याच गाडीचा होता. कोर्टात त्याचा निकाल काय लागतो ते वेगळं सांगायला नको. सील तुटलेलं आहे की शाबूत आहे, हे बघायला मीटरही लागत नाही आणि मिरवणूक सुरू व्हायची वाटही बघावी लागत नाही.

एक अडचण मात्र खरी आहे. एका खोक्याला मर्यादा घातली तरी सोळा खोके रचले तर आवाज वाढणारच. त्यासाठी दोन गोष्टी लागतील. प्रत्येक खोक्यावर त्याचा कमाल आवाज तपासून, ठळक छापून लावणं उत्पादकावर बंधनकारक करायचं. मग परवाना देताना गाडीवर असे किती खोके, याची बेरीज टेबलावर बसूनच होईल. आणि प्रोसेसरमध्ये मोजणारा मायक्रोफोन जोडून सगळ्या यंत्रणेला एकत्र कुलूप घालायचं. यात आकाशाला गवसणी घालण्यासारखं काही नाही. फ्रान्समध्ये गाणंबजावण्याच्या ठिकाणांसाठी २०१७ च्या आदेशाने पंधरा मिनिटांच्या सरासरीला १०२ डेसिबल 'ए' आणि ११८ डेसिबल 'सी' अशी मर्यादा घातली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा ठिकाणांसाठी १०० डेसिबलचा मापदंड सुचवला. आपल्याकडेही दिल्ली आणि गुजरातच्या प्रदूषण नियंत्रण यंत्रणांनी लिमिटरशिवाय ध्वनियंत्रणा विकू नये, भाड्याने देऊ नये असे आदेश काढलेले आहेत. महाराष्ट्राने मागे राहायचं कारण नाही. मोठ्या मैदानावरच्या मैफलींना जास्त ताकद लागते हे मान्य. त्यांना वेगळा परवाना द्या, हरकत नाही. मैफल गल्लीतून चालत जात नाही.

त्या 'ए' आणि 'सी'कडे आपल्याकडे कुणाचं लक्षच जात नाही, म्हणून दोन शब्द. ध्वनिक्षेपकांसाठीच्या आपल्या नियमांतली सगळी मर्यादा 'ए' मापात आहे : निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५, आणि सार्वजनिक जागेच्या हद्दीवर ध्वनिक्षेपकाला तिथल्या मर्यादेपेक्षा १० जास्त किंवा ७५, यांपैकी जे कमी असेल ते. 'ए' माप माणसाच्या कानाला हलक्या आवाजात जसं ऐकू येतं तसं बेतलेलं आहे, त्यामुळे खालच्या सुरांना ते फार कमी गुण देतं. ५० हर्ट्झचा ठोका असेल तर तब्बल ३० डेसिबल वजा. 'सी' मापात तोच ठोका जेमतेम एक-दीड डेसिबलने कमी होतो. याचा अर्थ असा, की ज्या धडधडीने खिडकीची तावदानं थरथरतात, बाजेवर पडलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या छातीत धस्स होतं, ती धडधड पोलिसांच्या मीटरवर धड उमटतही नाही. बेस बनवणाऱ्याला हे माहीत नाही असं मी समजत नाही.

आता दुसऱ्या टोकाची मंडळी. त्यांना सगळं बंद करायचं आहे. 'डीजेमुक्त' हा शब्द दर वर्षी कुठल्या ना कुठल्या आदेशात, आवाहनात येतो आणि दिवाळीपर्यंत विरून जातो. २०१८ च्या गणेशोत्सवात राज्याने या यंत्रणांविरुद्ध कडक धोरण घेतलं, तेव्हा ध्वनी आणि प्रकाशयोजना व्यावसायिकांची 'पाला' ही संघटना उच्च न्यायालयात गेली आणि तिला अंतरिम दिलासा मिळाला नाही. ही यंत्रणा सुरू होताक्षणीच मर्यादा ओलांडते, अशी सरकारची भूमिका होती. मला ही भूमिका बरोबर वाटते आणि म्हणूनच तिचा राग येतो. जे यंत्र सुरू होताच कायदा मोडतं असं सरकार शपथेवर सांगतं, ते यंत्र बनवायला, आयात करायला, दुकानात मांडायला, त्यावर जीएसटी घ्यायला सरकारची हरकत नाही. हरकत फक्त ते सुरू करायला आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्रार्थनास्थळांवरच्या भोंग्यांच्या प्रकरणात यंत्रातच डेसिबलची मर्यादा बसवून घेण्याचा मार्ग सरकारला सुचवला. निकालातला सर्वांत उपयोगी भाग तोच होता. चर्चा मात्र भोंगा कुणाचा यावरच झाली.

ती तशी झाली यात नवल नाही. चौकातली कारवाई ही नेहमी कुणावर तरी होते : दुर्गोत्सवावर झाली तर ईदवर का नाही, भीमजयंतीवर झाली तर शिवजयंतीवर का नाही, आणि लग्नाच्या वरातीला सोडलं तर आमच्या मिरवणुकीलाच का? प्रश्न विचारणारा चुकत नाही, कारण कारवाईत डावं-उजवं होतंच. शिवाय पुढाऱ्याच्या वाढदिवसाची गाडी अडवायची कुणाची टाप नसते. कारखान्यातून बाहेर पडणारं यंत्र मात्र कुणाची जयंती आहे हे विचारत नाही. एवढ्या एका कारणासाठीही मी लिमिटरच्या बाजूने उभा राहीन. यवतमाळचा दुर्गोत्सव कोलकात्याच्या खालोखाल, असं आपण पाहुण्यांना सांगतो. देखावे, मूर्ती, नऊ रात्रींची गर्दी पाहता ते मिरवण्यासारखंच आहे. त्यात आवाजाचा वाटा किती, हे ज्याचं त्याने प्रामाणिकपणे सांगावं.

राहिला पोटाचा प्रश्न. तो मी हसण्यावारी नेत नाही. ज्या जिल्ह्यात कापूस-सोयाबीनवर घर चालत नाही तिथे शेतकऱ्याचं पोरगं कर्ज काढून साउंड घेतं, हे समजण्यासारखं आहे. पण त्याला या धंद्यात नेमकं कोण मारतं ते बघा. यंदा त्याने चार बेस घेतले, पुढच्या वर्षी शेजारच्या गावच्याने आठ घेतले. मंडळ आठवाल्याकडे गेलं. मग याने आणखी कर्ज काढून बारा घेतले. या शर्यतीत प्रत्येक वर्षी नवं काहीतरी विकलं जातं ते कंपनीचं. मागच्या वर्षीचा माल निम्म्या किमतीत जातो तो पोराचा. पकडला गेला तर तोच, आणि पर्यावरण कायद्यात २०२३ ला झालेल्या बदलानंतर दंड दहा हजारांपासून पंधरा लाखांपर्यंत जाऊ शकतो. पंधरा लाखांत त्याची अख्खी गाडी जाईल. कंपनीच्या एका रुपयालाही धक्का लागणार नाही. सगळ्यांच्या यंत्राला सारखीच मर्यादा आली तर ही शर्यत थांबते आणि मंडळाला साउंडवाला निवडायला आवाजाच्या जोराशिवाय दुसरं काहीतरी बघावं लागतं : सफाई, वेळ पाळणं, गाण्यांची निवड. बंदीने त्याचा धंदा जाईल, लिमिटरने तो शहाणा होईल. साउंडवाल्यांच्या संघटनांनी ही मागणी स्वतः करायला हवी होती. त्या न्यायालयात बंदीविरुद्ध भांडतात, कारखान्याविरुद्ध भांडत नाहीत. ग्राहकाने दुकानदाराची बाजू घेऊन स्वतः दंड भरावा असा हा प्रकार आहे.

तेव्हा मागणी अगदी साधी आहे. केंद्राने पर्यावरण संरक्षण नियमांच्या अनुसूचीत जनरेटर आणि फटाके यांच्या शेजारी ध्वनिवर्धक यंत्रणेची एक नोंद वाढवावी. मानक ब्युरोने दोन हजार वॅटवरच्या ॲम्प्लिफायरच्या नोंदणीत सीलबंद लिमिटर आणि कमाल आवाजाची पाटी सक्तीची करावी. राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने केंद्राची वाट न बघता विक्रीवर आणि भाड्यावर तसा आदेश काढावा. आणि यवतमाळच्या मंडळांनी या वर्षीच्या शांतता समितीच्या बैठकीत नुसती मान डोलावून न येता या तीन ओळींचा ठराव लेखी देऊन जिल्हाधिकाऱ्यांमार्फत वर पाठवावा. सुपारी देताना साउंडवाल्याला विचारा, तुझ्या खोक्याचा कमाल आवाज किती आणि लिमिटर कुठे लावला आहेस. त्याला सांगता आलं नाही, तर त्याला तो माल ज्याने विकला त्याचं नाव विचारून घ्या आणि ते नाव ठरावात घाला.